बापू कुटी, सेवाग्राम

बापू कुटी : वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील मातीचे घर, महात्मा गांधी यांचे निवासस्थान. नाव बापूंचे असले तरी ही कुटी उभारली गांधींच्या इंग्रज शिष्या मीराबेन (मॅडलिन स्लेड) यांनी, आणि तीही स्वतःसाठी.

दांडीयात्रेला निघताना (१९३०) स्वराज्य मिळेपर्यंत साबरमती आश्रमात न परतण्याचा निश्चय गांधींनी केला होता. उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे ते वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले. पुढे खेड्यात, शक्यतो एकट्यानेच राहायचे ठरवून ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्यापासून सुमारे ८ किमी.वरील शेगावात आले. गावाची मालगुजारी बजाजांकडे होती आणि मीराबेन तिथे आधीच ग्रामसेवेला लागल्या होत्या. (बुलढाणा जिल्ह्यातील शेगावमुळे टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले.)

गांधींसाठी पहिल्यांदा बांधले गेले ते ‘आदी निवास’. खर्च शंभर रुपयांच्या आत, सामान आणि मजूर आसपासचेच, ही त्यांची अट. घर जवळजवळ एका दालनाचे. त्यात कस्तुरबा, सहकारी, खान अब्दुल गफार खान यांच्यासारखे पाहुणे, सगळेच राहू लागले. एकांताचा बेत तिथेच बारगळला. मग मीराबेनची झोपडी थोडी वाढवून गांधींना देण्यात आली.

बांबूचा सांगाडा, मातीने लिंपलेल्या भिंती, कवेलूंचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, बसायला चटई : वऱ्हाड-वर्ध्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या ओळखीचे हे बांधकाम. वेगळेपण दिसते ते भिंतींवर मीराबेनने मातीतच उठवलेल्या चरख्याच्या आणि ताडाच्या झाडांच्या चित्रांत. सापांना न मारता पकडून दूर सोडण्यासाठी ठेवलेला चिमटा व पिंजरा आश्रमात अजून पाहायला मिळतो. शेजारच्या दफ्तरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी बसवून दिलेला टेलिफोन आहे. एवढ्या साध्या घराशी सरकारला किती काम पडत होते, हे त्यावरून कळते.

आदी निवासातल्या गर्दीची सर्वाधिक झळ कस्तुरबांना बसली होती. बायकांना आडोसाच नव्हता. अखेर बजाजांनी त्यांच्यासाठी जवळच ‘बा कुटी’ बांधून दिली. गांधींच्या साधेपणाची वर्णने करणारे सहसा या भागावरून पटकन पुढे जातात.

गांधींचा सेवाग्राममधील शेवटचा मुक्काम मात्र बापू कुटीत नव्हे, ‘आखरी निवासा’त झाला. ऑगस्ट १९४६ मध्ये तिथून निघाल्यावर ते परतले नाहीत. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच येथे आले आणि मोठ्या घरांच्या हव्यासावर टीका करणारे त्यांचे चिंतन या कुटीवरच बेतले गेले. घर आजही कच्चेच राखले आहे. त्यामुळे लिंपण-सारवणाची आणि कवेलूंची डागडुजी सतत करावी लागते.