सही, झीज आणि नोंद : मद्रास वेधशाळेच्या वारशाची ओळख

चेन्नईतील टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर, १९२० च्या दशकात आखले गेले. त्याला लागूनच उत्तरेस नुंगमबाक्कम आहे. तेथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक स्तंभ उभा आहे. उंची सुमारे १५ फूट, वजन सुमारे १० टन, आकार वर निमुळता होत जाणारा. त्यावर छत नाही आणि मूर्तीही नाही. पूर्वकल्पना नसलेल्या पाहुण्याला तो एखाद्या नाहीशा झालेल्या देवळाचा खांब वाटू शकेल.

प्रत्यक्षात तो एका उपकरणाचा पाय आहे. विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एग्मोर येथे खासगी वेधशाळा सुरू केली. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे मायकेल टॉपिंगच्या आराखड्यानुसार बांधलेल्या इमारतीत स्थिरावली. ताऱ्यांचे याम्योत्तर वृत्तावरील गमन टिपणारी दुर्बीण या स्तंभावर बसवलेली होती. इतक्या लहान दुर्बिणीसाठी इतका अवजड दगड का, याचे उत्तर साध्या गणितात मिळते. अर्ध्या मीटर लांबीच्या नळीचे एक टोक केवळ अडीच मायक्रॉन हलले, तरी तिचा रोख सुमारे एका विकलेने बदलतो. इमारतीच्या लाकडी तुळया तर पावलांनीही थरथरतात. शिलालेख झिजून गेला असता, तरी स्तंभाचे वजन, त्याचा आकार आणि त्याची जागा यांवरून एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला त्याचे प्रयोजन ताडता आले असते.

शिलालेख मात्र शाबूत आहे, आणि ओळख पटवण्यातील पहिला धोका तेथेच आहे. हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांना आशियात गणिती शास्त्रांचे बीज प्रथम केव्हा रोवले गेले हे कळावे, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. स्तंभाचे वर्ष आणि कर्ता यांबाबत हा लेख विश्वसनीय ठरतो, पण त्यातील ‘प्रथम’ हा दावा टिकत नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. मद्रासच्या स्तंभाहून तो ५८५ वर्षांनी जुना आहे. वस्तूवर कोरलेला मजकूर हा पुरावा असतो, निवाडा नव्हे.

दुसरा धोका सहीचा. मद्रास वेधशाळेच्या वारशात लंडनच्या जॉन शेल्टन याने बनवलेले एक खगोलीय घड्याळ आहे, आणि आता ते कोडाईकनाल येथे आहे. कॅप्टन कुकने १७६९ च्या शुक्र-अधिक्रमणाच्या मोहिमेत शेल्टनचेच घड्याळ नेले होते. त्यामुळे हे ‘कुकचे घड्याळ’ असल्याचा समज सहज होतो. परंतु शेल्टनने अशी घड्याळे एकाहून अधिक बनवली होती. मद्रासचे घड्याळ कुकच्या घड्याळासारखे आहे, म्हणजे ते तेच आहे असे नाही. कुकच्या प्रवासातील घड्याळांचा माग डेरेक हाउस आणि बेरेसफर्ड हचिन्सन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काढला. अशा अभ्यासात कोणते घड्याळ कधी, कोठे आणि कोणाच्या हाती होते, याच्या नोंदींची साखळी जुळवावी लागते.

अशा घड्याळाचे सुटे भाग कोणी अडगळीत पाहिले, तर लंबक सर्वांत कोड्यात टाकील. पोलाद आणि पितळ यांच्या सळ्या आळीपाळीने लावलेल्या असल्याने तो खिडकीच्या लहान जाळीसारखा दिसतो. उष्णतेने पोलाद खाली प्रसरण पावते, तर अधिक प्रसरणशील पितळ गोळ्याला वर उचलते, आणि लंबकाची परिणामी लांबी जवळपास स्थिर राहते. नुसत्या पोलादी सळीचा लंबक तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडेल. मद्रासच्या अक्षांशावर रेखांशातील एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ४५० मीटर. नकाशे काढणाऱ्या सत्तेला ही चूक परवडणारी नव्हती.

लंबकाच्या चालीत स्थळाचीही खूण असते. लंडनमध्ये अचूक चालणारा लंबक लांबी न बदलता मद्रासला आणला, तर तेथील कमी गुरुत्वामुळे तो दिवसाला दोन मिनिटांहून अधिक मागे पडतो. वेधशाळेचा अधिकारी जॉन गोल्डिंगहॅम याने १८२१ मध्ये मद्रासला लंबकाचे प्रयोग केले, ते गुरुत्वातील हाच फरक मोजण्यासाठी. म्हणूनच लंबकाच्या लांबीची नोंद आणि रोजच्या चालीची वही हाती असेल, तर ते घड्याळ कोणत्या अक्षांशावर चालत होते याचा अंदाज बांधता येतो. वही हरवली, तर उरते ते केवळ देखणे पितळ.

१८९९ मध्ये खगोलशास्त्रीय काम कोडाईकनालला गेले. तेथे पुण्याचाही वारसा पोहोचला. विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला यांनी वापरलेली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला हलवण्यात आली. तेथे तिची उभारणी झाली ती १९५१ मध्ये. मधल्या काळात तिचे नाव आणि मूळ ठिकाण कागदावर टिकले, म्हणूनच ती भंगारात न जाता पुन्हा आकाशाकडे वळू शकली.

नोंदींमुळे माणसेही टिकतात. मद्रास वेधशाळेतील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये शोधलेला ‘आर रेटिक्युली’ हा रूपविकारी तारा त्यांच्या नावासह नोंदला गेला, म्हणून आज ते ज्ञात आहेत. दहा टनांचा ग्रॅनाइट ज्यांनी घडवला, दमट हवेत पितळी चाके ज्यांनी साफ ठेवली, त्यांना अशी नोंद लाभली नाही.

हीच कथा घरोघरी लहान प्रमाणात घडते. पेरांबूरच्या रेल्वे कार्यशाळेत किंवा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या आजोबांची पेटी उघडली की नाव नसलेल्या वस्तू निघतात. समजा, त्यात एक पोलादी पट्टी आहे. दोन्ही टोकांना सारख्या व्यासाचे दंडगोल, वरचा पृष्ठभाग आरशासारखा, खुणा काहीच नाहीत. दंडगोलांच्या केंद्रांमधील अंतर मोजावे. ते बरोबर १०० मिलिमीटर किंवा ५ इंच भरले, तर तो बहुधा साइन बार असतो. एका टोकाखाली ठरावीक उंचीचे ठोकळे ठेवले की उंची भागिले लांबी, म्हणजेच कोनाची ज्या, मिळते. वस्तूचे नाव तिच्यावर लिहिलेले नव्हते, ते तिच्या मापात होते.

अशा वस्तू हाती आल्यास प्रथम घासूनपुसून चकचकीत करू नयेत. हाताने पडलेली झीज, तेलाचे डाग, पुसट अंक हेच साक्षीदार असतात. पेटीत कोणती वस्तू कोणाशेजारी होती, याचे छायाचित्र घ्यावे. लोहचुंबकाने धातू पारखावा, मापाचे एकक ओळखावे, हालणारे भाग कोणत्या दिशेने हालतात ते पाहावे. आजोबांचा एखादा सहकारी हयात असेल, तर त्याच्याकडे त्वरेने जावे. पितळ पन्नास वर्षांनीही तेवढेच असते, स्मृती मात्र तितकी थांबत नाही. आणि ओळख पटल्यावर वस्तूसोबत एक कागद ठेवावा : हे काय आहे, ते कशावरून ठरवले, आणि ते कोणाच्या हातचे होते. पुढच्या पिढीला पितळाच्या वजनाचा भाव कोणताही दुकानदार सांगेल. त्या कागदावरची तिसरी ओळ मात्र घरच्यांनाच लिहावी लागेल.