वर्षांतून एकदां येणारे दिपोटी

बेलवलीसारख्या कल्याणपलीकडच्या गांवांत शाळातपासणी म्हटली, कीं जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें सारवलेली शाळा, दाराचें तोरण आणि धास्तावलेले पंतोजी उभे राहतात. या धास्तीचें मूळ मास्तरांच्या स्वभावांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें अधिक न्याय्य होईल.

वुडसाहेबांच्या १८५४ च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यांत १८५५ सालीं शिक्षणखातें निघालें व शाळा तपासण्यासाठीं इन्स्पेक्टर आणि त्यांचे डेप्युटी नेमण्यांत आले. या डेप्युटींनाच लोक 'दिपोटी' म्हणूं लागले. पुढें इंग्लंडांत रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या नियमावलीनें परीक्षेच्या निकालावर शाळेची ग्रँट ठरूं लागली. स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर असलेले कवि मॅथ्यू आर्नल्ड यांनीं तिच्यावर कडक टीका केली. तरी तीच तऱ्हा आमच्या इलाख्यांतील खासगी शाळांसही लागू झाली. मूल वर्षभर काय शिकलें यापेक्षां त्या एका दिवशीं तें काय बोललें, यास मोल आलें. मग घोकंपट्टी वाढावी आणि कच्चें मूल त्या दिवशीं घरींच राहिलें तर बरें असें मास्तरांस वाटावें, यांत नवल तें काय?

१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें दिलेलें निवेदन या संदर्भांत अवश्य वाचण्याजोगें आहे. दिपोटींच्या वर्षांतल्या एका फेरीचा फारसा उपयोग नाहीं. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, आणि आगाऊ सूचना न देतांही व्हावी, असें त्यांनीं सुचविलें. एवढेंच वाचणारास ते मास्तरांचे वैरी वाटतील. परंतु मास्तरास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं तो १५ किंवा २० असावा आणि गांवच्या कारभारांतही त्यास स्थान मिळावें, ही मागणी त्याच निवेदनांत आहे. अधिक मुलें पास करणारास त्यांनीं भत्ता सुचविला, तोही जादा म्हणून.

१९०४ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें निकालावर ग्रँट देण्याची पद्धत सोडण्याचें ठरविलें. आज दिपोटींच्या जागीं शिक्षण विस्तार अधिकारी येतात. तथापि जोतीरावांनीं घातलेली सांगड अजूनही विचारांत घेण्याजोगी आहे. वर्षांतून एकदां येणाऱ्यापुढें मास्तर आपली अडचण झांकतो. वारंवार येणाऱ्यापुढें ती झांकून भागत नाहीं, आणि पोटास धक्का लागणार नाहीं अशी खात्री असली म्हणजे झांकावीशीही वाटत नाहीं.