न धुतलेले मडके

गेल्या वर्षी नाताळच्या सुमारास लेस्टरहून पुतण्याचा फोन आला. घरी बिअर करण्याचा छंद त्याला नुकताच लागला होता. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड रस काढून, तो हॉप्सबरोबर उकळून त्याने वीसेक लिटर तयार केला होता. त्यात यीस्टची पुडी टाकून दोन दिवस झाले, तरी एक बुडबुडा नव्हता. "काका, तुम्ही जन्मभर केमिस्ट्री शिकवलीत. माझं काय चुकलं?"

"रस किती गरम होता?"

"भांड्याला हात लाववत नव्हता."

उत्तर त्यातच होते. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे. ६० अंश सेल्सिअसच्या रसात ती पडली की संपली. रस २० अंशांच्या आसपास निवू द्यावा आणि मग खळखळून हलवावा, कारण उकळताना त्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो आणि वाढीच्या सुरुवातीला यीस्टला तो लागतो. कोरड्या यीस्टची ११ ग्रॅमची पुडी एवढ्या रसाला पुरते. ती आधी कोमट पाण्यात भिजवली तर उत्तम. मात्र ते पाणी आणि रस यांच्या तापमानात फार अंतर नको, नाहीतर यीस्टला धक्का बसतो. आणि एकदा रस निवला की उशीर नको. गोड रसावर टपून बसलेले इतर जंतू आपली वाट पाहत नाहीत.

फोन ठेवला, पण मन नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत जाऊन बसले. आजीचे वडील माहीमच्या वाडीत माडावर चढत. आम्ही भंडारी, पण घरात ही गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नसे. आजी एकटी कधीतरी बोले. एकदा मी मातीचे मडके काथ्याने घासत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या बाबांनी मला मारलं असतं. मडकं आतनं घासायचं नाही रे, नुसतं खंगाळायचं." मला ती अस्वच्छता वाटली होती. पुतण्याच्या फोननंतर, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी, ते वाक्य मला कळले.

माडाची पोय बांधून, ठेचून, तिचे टोक रोज कापतात आणि ठिबकणारा रस मडक्यात धरतात. हा रस गोड असतो आणि त्यात यीस्ट कोणी घालत नाही. ती हवेतून येते, रसावर बसणाऱ्या किड्यांबरोबर येते आणि मुख्यतः कालच्या मडक्याच्या भिंतीवरून येते. मातीच्या छिद्रांत ती टिकून राहते. त्यामुळे झाडावरून उतरतानाच माडी आंबू लागलेली असते. दिवसभरात ती चढते आणि पुढे आंबट होत व्हिनेगरच्या वाटेला लागते. गोव्यातले पदेर पावाला आणि वसईचे ख्रिस्ती फुग्यांना हीच माडी घालत. बाजारात यीस्टची पुडी आली नव्हती, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरचे विरजण भंडाऱ्याच्या मडक्यात होते.

युरोपात हेच काम पिंपाच्या तळाशी उरलेला गाळ करी. लुई पाश्चर यांचे बिअरवरचे पुस्तक १८७६ साली निघाले आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवली. आज पुतण्याच्या हातात येणारी पुडी तिथून सुरू होते.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते नायगावाच्या शेजारून जाते. इंग्लंडातल्या बर्टन गावी बिअरच्या कारखान्यांत उरणाऱ्या यीस्टपासून १९०२ पासून मार्माइट नावाचा अर्क तयार होऊ लागला. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेशी तिच्या कामाचा संबंध होता. हा आजार यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. बिअरच्या पिंपातला गाळ असा गिरणगावात औषध म्हणून आला. त्याच गिरणगावात मडक्यातली यीस्ट मात्र हळूहळू गुन्हेगार ठरत होती.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर परवाना घेऊन झाडामागे कर भरल्याशिवाय माडी काढणे अवघड झाले. १८९२ मध्ये सरकारचा हात मोहाच्या फुलांपर्यंत पोचला. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. ती फार टिकली नाही. मग १९४९ चा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी झाली.

या कायद्यात मला एक गंमत सापडली. गोड नीरेला मुभा द्यायची आणि आंबलेल्या ताडीला नाही, असे ठरल्यावर दोन्ही वेगळ्या ओळखायच्या कशा? झाड तेच, रस तोच. तेव्हा व्याख्येने भांडे पकडले: आंबू नये म्हणून तयार केलेल्या भांड्यात उतरवलेला रस ती नीरा. म्हणजे मडक्याला आतून चुना फासायचा. चुन्याने यीस्टचे काही चालत नाही. आजीच्या वडिलांना जे मडके जपायचे होते, नेमके तेच कायद्याला नको होते. झाडावर चढणाऱ्याची विद्या सरकारला नीट कळली होती, असे मला तरी वाटते. ती विद्या असणाऱ्याचे पोट पुढे कसे भरणार, हा मुद्दा व्याख्येत बसत नव्हता. आजीचे दोन्ही भाऊ गिरणीत लागले.

बंदीने यीस्ट काही थांबली नाही. हातभट्टीवाले काळ्या गुळाच्या पाण्यात नवसागर टाकत. लोकांना वाटे, त्याने दारू कडक होते. खरे तर नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळात कमी पडणारा नायट्रोजन यीस्टला त्यातून मिळतो. सडक्या गुळावरही मग सरकारला नियंत्रण आणावे लागले. इंग्लंडात घरगुती बिअरला लागणारा परवाना १९६३ मध्ये गेला; आपल्याकडे परवान्याशिवाय ती करणे आजही गुन्हा आहे. तेव्हा वर सांगितलेले प्रयोग वाचकांनी लेस्टरलाच करावेत.

म्हातारपणी आजीला मी एकदा दादर स्टेशनजवळच्या नीरा केंद्रावर नेले होते. तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विक्रेत्याला म्हणाली, "चुना जास्त झालाय." त्याने उगाच हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिले.

पुतण्याने पुढच्या खेपेला रस निवू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फेसाचा फोटो आला. तीन आठवड्यांनी बाटल्या भरून झाल्यावर त्याने विचारले, "काका, तळाशी पांढरा गाळ बसलाय. फेकून देऊ?"

मी लिहिले: उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत भर, फ्रिजमध्ये ठेव, पुढच्या खेपेला तोच घाल. आणि खाली आजीचे वाक्य लिहिले. तिच्या बाबांचे नाव मात्र मला लिहिता आले नाही. ते मी तिला कधी विचारलेच नव्हते.