देवमाशांचे गान : अरबी समुद्राच्या इतिहासाचे एक साधन

बोलीचा अभ्यासक उच्चारावरून माणसाचा मुलूख ओळखतो. हाच न्याय देवमाशांस लावून त्यांच्या ऋतुपरत्वे होणाऱ्या संचाराचा मागोवा घेण्याची पद्धती गेल्या अर्धशतकात रूढ झाली. बेटेगाव-बोईसरच्या पश्चिमेस तारापूर-नवापूरपुढे पसरलेल्या अरबी समुद्राच्या इतिहासासही तिने नवे साधन दिले आहे.

पूर्वीचे साधन कत्तलीचे होते. सोव्हिएत नौकांनी १९६५-६६ या काळात ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांपुढे २४२ हंपबॅक देवमासे मारले आणि ही गोष्ट दडवून ठेवली. मिखालेव यांनी १९९७ साली त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. माद्यांच्या पोटातील गर्भांच्या वाढीवरून असे दिसले की, या देवमाशांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाचा आहे. अर्थात ते दक्षिणेकडून येणारे पाहुणे नसून याच समुद्राचे रहिवासी होत.

गानाचे साधन जीव न घेता बोलते. हंपबॅकच्या आवाजात ठराविक क्रमाने पुनरावृत्त होणारी रचना असते, हे पेन व मॅकव्हे यांनी १९७१ साली दाखविले. २००६ साली मॅकडोनल्ड प्रभृतींनी निळ्या देवमाशांच्या गानाचे प्रदेशपरत्वे नऊ प्रकार वर्णिले. या गानात शब्दार्थ शोधणे व्यर्थ होय. तथापि ते कोणत्या समूहाचे, हे त्यावरून सांगता येते. पाण्याखाली ध्वनिग्राहक यंत्र वर्षभर ठेवले, म्हणजे तो समूह तेथे केव्हा येतो हेही कळते. लक्षद्वीपजवळ २०१८ ते २०२० या काळात पॅनिकर व स्टॅफर्ड यांनी अशा रीतीने निळ्या देवमाशांचे गान टिपले. त्याचा भर एप्रिल-मे महिन्यांत, मोसमी पावसाच्या तोंडावर, आढळला. गोव्याच्या ग्रँड आयलंडनजीक मार्च २०१७ मध्ये हंपबॅकचे गान नोंदविले गेले.

या साधनाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. गातात ते नर. ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहदर्शक यंत्र लावलेली ‘लुबान’ ही मादी डिसेंबर २०१७ मध्ये अरबी समुद्र ओलांडून गोव्यापुढे आली. केवळ गानावर विसंबणाऱ्यास तिचा पत्ता लागला नसता. इतिहासात कागद नाही म्हणून घटना घडली नाही असे म्हणता येत नाही. समुद्रातील नीरवतेविषयीही तेच खरे.

आज या साधनास गोंगाटाचे भय आहे. मोठ्या जहाजांचा खर्ज आवाज निळ्या देवमाशांच्या गानाच्याच पट्ट्यात पडतो. डहाणूजवळील वाढवण येथे २०२४ साली मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. जहाजांची ये-जा वाढण्यापूर्वी या किनाऱ्यापुढील समुद्राची निदान एका पूर्ण वर्षाची ध्वनिनोंद होणे अगत्याचे आहे. ती नसेल, तर बंदरामुळे पुढे काय बदलले हे ठरविण्यास आधारच उरणार नाही.