पहिली मॅरेथॉन आणि मोकळा वेळ : हौशी धावपटूंच्या तयारीचा इतिहास

१/ हिवाळ्यातील पहाटे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्यातील टेकड्यांच्या पायथ्याशी आयुष्यातील पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणारी माणसे दिसतात. त्यांत बँक कर्मचारी असतात, शिक्षिका असतात, निवृत्त गृहस्थही असतात. सर्वांपाशी चार-पाच महिन्यांचे वेळापत्रक असते : आठवड्यातून एक लांब धाव, उरलेले दिवस संथ सराव, ठरलेली विश्रांती आणि वाटेत पाणी. हे वेळापत्रक कोठून आले? आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ सामान्य माणसाने ४२.१९५ किलोमीटर धावावे आणि त्यासाठी रीतसर तयारी करावी, ही कल्पना फार जुनी नाही. या तयारीला दोन गोष्टी लागतात : शरीराविषयीचे ज्ञान आणि मोकळा वेळ. ज्ञान हळूहळू साठत गेले. वेळ कोणाचा आणि धावण्याची मुभा कोणाला, यावर मात्र दीर्घकाळ वाद चालला. त्या वादाच्या केंद्रस्थानी एक शब्द होता : 'हौशी'.

३/ इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्द 'प्रेम करणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्याला वेगळाच अर्थ चिकटला. १८६६ साली स्थापन झालेल्या 'अमॅच्युअर अॅथलेटिक क्लब'च्या व्याख्येनुसार यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना हौशी म्हणवून घेता येत नव्हते. त्यांनी शर्यतीतून एक छदामही घेतलेला नसला, तरीही!

४/ याचे समर्थन असे केले जाई की, अंगमेहनतीच्या कामाने शरीर कमावले जाते आणि म्हणून मजुराला सभ्य गृहस्थापुढे अन्याय्य फायदा मिळतो. म्हणजे ज्याला सरावासाठी वेळच नव्हता, त्याचे कामच 'सराव' ठरवून त्याला बाहेर ठेवले गेले. १८८० साली स्थापन झालेल्या 'अमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशन'ने हे वर्गीय कलम वगळले. पैसे घेण्यावरील बंदी मात्र कायम राहिली.

५/ त्या काळी धावण्याच्या तयारीचे ज्ञान होते ते मुख्यतः पैजेवर चालणाऱ्या-धावणाऱ्या मंडळींपाशी. कॅप्टन बार्कले या स्कॉटिश गृहस्थाने १८०९ साली न्यूमार्केट येथे १००० तासांत, दर तासाला एक याप्रमाणे, १००० मैल चालून दाखवले. १८१३ साली छापल्या गेलेल्या त्याच्या तयारीच्या पद्धतीत रेचके, घाम काढणे, अर्धेकच्चे मांस आणि शक्य तितके कमी द्रवपदार्थ यांवर भर होता. पाणी टाळण्याची ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली.

६/ मॅरेथॉन ही शर्यत मात्र प्राचीन नव्हे. प्राचीन ऑलिंपिकमध्ये एवढी लांब धाव नव्हतीच. इ. स. पूर्व ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईची वार्ता घेऊन अथेन्सला धावत आलेल्या दूताच्या आख्यायिकेवरून फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी ती सुचवली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषक देऊ केला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी अंतर ठरले सुमारे ४० किलोमीटर.

७/ १० एप्रिल १८९६ रोजी १७ धावपटू मॅरेथॉन गावातून निघाले. त्यांत चार परदेशी होते. त्यांपैकी ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, अमेरिकेचा ब्लेक आणि फ्रान्सचा लर्म्युझिओ हे काही दिवसांपूर्वीच झालेल्या १५०० मीटर शर्यतीतील पहिले तीन स्पर्धक. फ्लॅकने तर आदल्याच दिवशी ८०० मीटरची शर्यतही जिंकली होती. वेग त्यांच्यापाशी होता, पण एवढ्या लांब धावेचा अनुभव नव्हता. तिघांनाही ही मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही.

८/ चौथा परदेशी, हंगेरीचा केल्नर, हे अंतर आधी धावलेला होता. तो अखेरपर्यंत पोहोचला. ग्रीक धावपटूंसाठीही मार्चमध्ये निवड शर्यती झाल्या होत्या. त्यांतील पहिली वासिलाकोस याने ३ तास १८ मिनिटांत जिंकली. पहिल्याच मॅरेथॉनने दिलेला हा धडा आजच्या वेळापत्रकातील 'लांब धावे'चे मर्म आहे : लांब पल्ल्याची ओळख लांब पल्ल्यावरच होते.

९/ विजेता ठरला स्पिरिडॉन लुईस, वेळ २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. तो मारूसी गावचा. तेथील पाणी अथेन्सला नेऊन विकण्याचा त्याच्या घरचा व्यवसाय होता आणि तोही ते काम करी. इंग्लंडमधील जुन्या व्याख्येने ज्याला दारातच अडवले असते, असा हा कष्टकरी. शर्यतीनंतर तो गावी परतला आणि पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही.

१०/ दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, स्तामाता रेविथी नावाची एक गरीब स्त्री त्याच वाटेने एकटीच धावली. शर्यतीत तिला घेतले गेले नव्हते. सुमारे साडेपाच तासांत ती अथेन्सला पोहोचली, पण स्टेडियममध्ये तिला प्रवेश मिळाला नाही. पहिल्या मॅरेथॉनच्या इतिहासात कष्टकऱ्याला जागा मिळाली, ती स्त्रीला मिळाली नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

११/ ज्ञानाच्या अभावाची किंमत १९०४ साली सेंट लुईस येथे दिसली. प्रखर उन्हाळा, धुळीचे रस्ते आणि वाटेत पाण्याची अवघी दोन ठिकाणे. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्स याला त्याच्या सहायकांनी पाण्याऐवजी स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी दिली. स्ट्रिक्निन हे विष. अल्प मात्रेत ते तेव्हा उत्तेजक मानले जाई. अर्धमेल्या अवस्थेत तो कसाबसा शेवटापर्यंत पोहोचला.

१२/ आता आपल्याकडे येऊ. पुण्यातील डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. १९१९ साली तेथील क्रीडास्पर्धांचे अध्यक्षस्थान दोराबजी टाटा यांच्याकडे होते. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या स्पर्धांचे वर्णन केले आहे. धावणारी मुले शेतकरी कुटुंबांतील होती, अनवाणी होती, त्यांचा आहार बेताचा होता, आणि आधुनिक प्रशिक्षण काय असते हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांच्या धावण्याने दोराबजी प्रभावित झाले.

१३/ दोराबजींच्या पुढाकाराने आणि आर्थिक साहाय्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा भारतीय चमू गेला. मॅरेथॉनसाठी त्यात दोघे होते : बेळगावकडील फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. अँटवर्पची शर्यत होती ४२.७५ किलोमीटरची. ४२.१९५ हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले होते, पण ते प्रमाण म्हणून १९२१ मध्ये ठरले. त्यामुळे अँटवर्पची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब ठरली.

१४/ दख्खनच्या उन्हात तयार झालेली ही मुले बेल्जियमच्या थंड, पावसाळी हवेत धावली. दातार शेवटपर्यंत पोहोचू शकले नाहीत. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. विजेत्या कोलेहमाइनेनची वेळ होती २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद. त्याच्यापाशी जागतिक स्पर्धांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. हे अंतर ध्यानात घेतले, तर चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक केवढा मोठा होता हे कळते.

१५/ अँटवर्पच्या चमूतून एक प्रश्न समोर येतो : गुणवत्ता शेतात सापडली, पण तिला परदेशी पाठवण्यासाठी एका उद्योगपतीच्या औदार्याची गरज का पडावी? उत्तर 'हौशी'पणाच्या नियमात आहे. धावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम श्रीमंताला अडत नाही. ज्याची रोजी बुडते त्याला तो अडतो. सरावाचा प्रत्येक तास गरिबाला खिशातून भरावा लागतो.

१६/ या नियमाने मोठमोठ्यांनाही सोडले नाही. फिनलंडचा पावो नुर्मी हा नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून कारकिर्दीची सांगता करण्याचा त्याचा मानस होता, तशी तयारीही झाली होती. पण प्रवासखर्चापोटी नियमापेक्षा जास्त पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याला हौशी धावपटूंच्या यादीतून वगळले गेले. ती मॅरेथॉन तो धावलाच नाही.

१७/ याच्या नेमके उलट उदाहरण चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटर जिंकल्यावर तो आयुष्यातील पहिली मॅरेथॉन धावला आणि तीही जिंकली, २ तास २३ मिनिटांत. त्याचा सराव अतिशय खडतर असे. लष्करी बूट घालून तो बर्फातही धावे. तो कागदोपत्री हौशी होता, पण नोकरी सैन्यात होती. सरावासाठी लागणारा वेळ त्याला त्या नोकरीने दिला.

१८/ नोकरी सांभाळून धावणाऱ्या सामान्य माणसाची पद्धत घडवली न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ते ऑकलंडमध्ये पादत्राणांच्या कारखान्यात काम करीत. किती धावावे, किती वेगाने धावावे, याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर केले. निष्कर्ष असा : आधी कित्येक आठवडे बोलता येईल इतक्या संथ गतीने भरपूर अंतर धावावे, वेगाचा सराव नंतर करावा.

१९/ १९६० च्या दशकारंभी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन नागरिकांचा जॉगिंग क्लब निघाला. त्यात हृदयविकारातून उठलेली माणसेही होती. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी हे पाहिले आणि मायदेशी परतून त्याचा प्रसार केला. 'धावणे म्हणजे दम तुटेपर्यंत पळणे' ही समजूत येथे बदलली. स्पर्धा जिंकायची नसतानाही धावता येते, हे त्या काळात नवे होते.

२०/ मात्र ही नवी वाट अजून पुरुषांचीच होती. १९२८ च्या ऑलिंपिकमधील ८०० मीटर शर्यतीनंतर स्त्रियांना एवढे अंतर झेपत नाही असा गवगवा झाला, आणि १९६० पर्यंत ती शर्यत स्त्रियांसाठी पुन्हा ठेवली गेली नाही. १९६६ साली बॉबी गिब हिने बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. स्त्रियांसाठी धावण्याचे बूट मिळत नसल्याने तिने परिचारिकांच्या बुटांत सराव केला होता. प्रारंभरेषेजवळील झुडपांआड थांबून ती शर्यतीत शिरली आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोहोचली.

२१/ पुढच्या वर्षी वीस वर्षांची विद्यार्थिनी कॅथरीन स्विट्झर 'के. व्ही. स्विट्झर' या नावाने नोंदणी करून धावली. तिचा मार्गदर्शक आर्नी ब्रिग्ज विद्यापीठातला टपाल कर्मचारी. बॉस्टन पंधरा वेळा धावलेला. स्त्रीला हे अंतर जमणार नाही, असे आधी तोही म्हणत असे. सरावात ती ठरलेल्या अंतरापुढे आणखी पाच मैल धावली, तेव्हा त्याने मान्य केले. शर्यतीत एका अधिकाऱ्याने तिचा २६१ हा क्रमांक फाडण्याचा प्रयत्न केला. ती थांबली नाही.

२२/ बॉस्टनने १९७२ साली स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट १९८४ साली. जिंकली जोन बेनॉइट हिने, २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत. स्तामाता रेविथीच्या एकट्या धावेनंतर ८८ वर्षांनी!

२३/ याच सुमारास मॅरेथॉन सर्वसामान्यांची झाली. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० साली सेंट्रल पार्कमध्ये झाली. १२७ जण निघाले, ५५ पोहोचले. १९७६ पासून ती शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली. होनोलुलूत हृदयरोगतज्ज्ञ जॅक स्कॅफ यांनी नवख्यांसाठी साप्ताहिक सामुदायिक सराव सुरू केला. आज आपल्या शहरांत दिसणारे रविवारचे धावगट याच परंपरेतले.

२४/ पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आज तुमच्या हाती असलेल्या वेळापत्रकात अथेन्समध्ये कोसळलेल्या वेगवान धावपटूंचा धडा आहे, सेंट लुईसच्या तहानेचा आहे, ऑकलंडच्या कामगाराचे प्रयोग आहेत. यांतील बरेचसे ज्ञान नोकरी-धंदा सांभाळून धावणाऱ्या माणसांनी मिळवले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले.

२५/ ज्ञान खुले झाले. वेळ तितका खुला झालेला नाही. रविवारची तीन तासांची लांब धाव ज्याला सुटी आहे, त्याची. दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला किंवा पहाटे उठून घरादाराचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला तेच वेळापत्रक निरुपयोगी ठरते. १८६६ चे कलम कागदावरून केव्हाच पुसले गेले, पण त्यामागची विषमता माणसाच्या दिनक्रमात शिल्लक आहे.

२६/ म्हणून पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी किती वाजता धावायचे याबरोबरच आपल्या त्या वेळेत घरचे काम कोण करते, हेही पाहावे. जमल्यास आठवड्यातली एक पहाट त्या माणसालाही मोकळी करून द्यावी.

थ्रेड समाप्त. आपल्या गावातील जुन्या धावपटूंच्या आठवणी कोणापाशी असतील, तर खाली अवश्य लिहाव्यात. 🙏