‘पेशींवर चाचणी केली’ म्हणजे नेमकं काय? महाडच्या ड्रमपासून खारघरच्या लॅबपर्यंत, सोप्या भाषेत

महाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना ‘एमएसडीएस’ हा शब्द नवा नाही. केमिकलच्या प्रत्येक ड्रमसोबत येणारी ही माहितीपत्रिका. त्यात एक भाग असतो, हे केमिकल शरीराला काय करतं ते सांगणारा. तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘इन व्हिट्रो : निगेटिव्ह’.

आता दुसरा नमुना. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, ‘हळदीमुळे कॅन्सरच्या पेशी मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’.

या दोन्हींच्या मागे एकाच प्रकारचा प्रयोग असतो. शरीराबाहेर, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात केलेला. ‘इन व्हिट्रो’चा लॅटिन अर्थच मुळी ‘काचेत’. पण ड्रमवरचं वाचून आपण निर्धास्त होतो आणि मोबाईलवरचं वाचून आशा लावून बसतो. दोन्ही वेळा फसगत होऊ शकते. कशी, ते समजून घेऊ.

पेशी दिवसभर करते तरी काय?

आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येकीला तीन गोष्टी सतत ठरवाव्या लागतात : वाढायचं का, थांबायचं का, की मरायचं?

हे ती स्वतःच्या मनाने ठरवत नाही. तिच्या पृष्ठभागावर ‘रिसेप्टर’ नावाची प्रथिनं असतात. त्यांना दारावरची बेल समजा. बाहेरून एखादा रेणू आला, बेल दाबली गेली, की आत एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला निरोप देत जातं. निरोप केंद्रकात पोचतो आणि तिथली ठराविक जनुकं चालू किंवा बंद होतात. बोट कापलं की आजूबाजूच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप मिळतो आणि जखम भरली की तो थांबतो.

मरणंही ठरवून होतं. आईच्या पोटात बाळाची बोटं एकमेकांपासून सुटी होतात, ती मधल्या पेशी ठरल्यावेळी मरतात म्हणून. डीएनएला मोठी इजा झाली की ‘पी५३’ नावाचं प्रथिन पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर मरणाकडे नेतं.

कॅन्सर म्हणजे या व्यवस्थेतला बिघाड. कुणी दाबली नसतानाही बेल वाजतच राहते, पेशी वाढतच राहते. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३चं जनुक बिघडलेलं आढळतं.

शरीराबाहेर पेशी जगते कशी?

लाड पुरवून. तिला ३७ अंश सेल्सिअस तापमान लागतं. हवेत साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. साखर, क्षार, अमिनो आम्लं असलेला द्रव लागतो. हा द्रव बहुतेक वेळा गुलाबी असतो, कारण त्यात एक रंग मिसळलेला असतो. पेशींनी अन्न संपवून आम्लता वाढवली की तो पिवळा पडतो. म्हणजे पाणी बदलायची वेळ झाली.

एवढं करूनही साध्या मानवी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. कॅन्सरच्या काही पेशी मात्र थांबतच नाहीत. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये वाढत राहिल्या. त्याच ‘हेला’ पेशी. आजही जगभरच्या लॅबमध्ये त्या वाढतायत. त्या घेताना हेन्रिएटा यांची परवानगी मात्र कुणी घेतली नव्हती. २०२३ मध्ये त्यांच्या वारसांनी एका अमेरिकन कंपनीशी याबाबत तडजोड केली.

महाराष्ट्रात हे काम कधीपासून चालू आहे?

याच जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये पुण्याच्या एक संशोधक काम शिकून आल्या. डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७चा, शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे टिश्यू कल्चर लॅब, उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२१ मध्ये त्यांच्या वाढदिवशी गूगलने डूडल केलं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. तिथे पेशींची बँकच आहे. देशभरच्या संशोधकांना लागणाऱ्या पेशी तिथून पुरवल्या जातात.

आणि रायगडकरांसाठी महत्त्वाचं म्हणजे, टाटा मेमोरिअलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे संशोधन आणि उपचार केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातल्या खारघरला आहे. पोलादपूर, महाडकडून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की मुंबईत शिरायच्या आधीच ते येतं. पुढच्या दोन्ही गोष्टी तिथल्याच आहेत.

डिशमध्ये पेशी मेल्या, मग माणूस का बरा होत नाही?

हळदीचंच घ्या. हळदीतलं ‘कर्क्युमिन’ डिशमधल्या कॅन्सर पेशींवर टाकलं तर पेशी मरतात, हे खरं आहे. पण फिनाईल ओतलं तरी त्या मरतातच. प्रश्न तीन आहेत.

पहिला, तेवढी मात्रा शरीरात पोचते का? कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि यकृत ते पटकन बदलून टाकतं. ग्रॅमने खाल्लं तरी रक्तात नगण्य सापडतं.

दुसरा, चांगल्या पेशींचं काय? डिशमध्ये बहुतेक वेळा एकाच जातीच्या पेशी असतात. शरीरात त्यांच्या शेजारी रक्तवाहिन्या असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात, लांबवर यकृत आणि किडनी असते. औषध सगळीकडे जातं.

तिसरा, मोजलं काय? पेशी जिवंत आहेत का हे पाहायची एक नेहमीची पद्धत म्हणजे पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. पण तपासायचा पदार्थच रंगीत असेल, हळदीसारखा, तर मोजमापातच गडबड होऊ शकते.

म्हणून डिशनंतर प्राणी, मग थोडी माणसं, मग जास्त माणसं, असा रस्ता असतो. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकालाच शेवटी मंजुरी मिळते. कॅन्सरच्या औषधांत हे प्रमाण आणखी कमी आहे.

मग ती ‘१०० रुपयांची गोळी’ खोटी होती का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की टाटाने कॅन्सर पुन्हा होऊ न देणारी १०० रुपयांची गोळी शोधली. टाटाचे ज्येष्ठ सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वृत्तवाहिनीला ही माहिती दिली होती. संशोधन खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं.

त्यामागची कल्पना पेशीच्या मरणाशी जोडलेली आहे. केमो किंवा रेडिएशनने कॅन्सरची पेशी मरते, पण मरताना तिच्या डीएनए-प्रथिनांचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. हे ‘क्रोमॅटिन कण’ चांगल्या पेशींमध्ये शिरून त्यांना बिघडवतात, असं या गटाचं म्हणणं आहे. द्राक्षाच्या सालीत असणारं रेझव्हेरट्रॉल आणि अगदी थोडं तांबं एकत्र दिलं की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते हे कण मोडतात, हा त्यांचा सिद्धान्त.

म्हणजे संशोधन खरं आहे. पण त्याच बातमीत आणखी एक गोष्ट सांगितलेली होती, जी फॉरवर्डमध्ये गळून पडली. उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, हे उंदरांवर आणि माणसांवर तपासलं होतं. कॅन्सर परत येणं थांबतं का, हे फक्त उंदरांवर. माणसांवर ते तपासायला अजून साधारण पाच वर्षं लागतील, असंही तेव्हाच सांगितलं गेलं. अनेक कॅन्सरतज्ज्ञांनी त्या वेळी सबुरीचा सल्ला दिला होता.

पुढे याच गटाने मेंदूच्या एका कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी काही दिवस हे मिश्रण दिलं आणि काढलेल्या गाठीच्या नमुन्यात फरक दिसल्याचं मांडलं. पण नमुन्यात फरक दिसणं आणि रुग्ण जास्त जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी मोठी चाचणीच लागते.

ज्याच्या घरात पेशंट आहे, त्याच्यासाठी हा फरक शब्दांचा नाही. ‘गोळी येतेय’ म्हणून कुणी चालू केमो पुढे ढकलली, तर नुकसान भरून येत नाही.

लॅबमधून खरंच उपचार बाहेर पडतो का?

पडतो. त्याचं उदाहरणही खारघरचंच आहे.

आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने ‘कार-टी’ उपचारावर काम केलं. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, बाहेर काढायच्या. लॅबमध्ये त्यांच्यावर एक नवा रिसेप्टर बसवायचा. आपल्या भाषेत, नवी बेल. ही बेल कॅन्सरच्या बी-पेशींवरची ‘सीडी१९’ नावाची खूण भेटली की वाजते. मग या पेशी वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या.

आधी डिश, मग प्राणी. २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला. ठराविक रक्ताच्या कॅन्सरच्या ६४ रुग्णांवर चाचण्या झाल्या. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला केंद्राची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. परदेशात ज्याला कोट्यवधी लागतात, तो इथे काही लाखांत आला. ‘काही लाख’ही आपल्याकडे थोडके नाहीत, हेही खरंच.

गोळी आणि कार-टी, दोन्हींचं काम एकाच आवारात झालं. फरक एवढाच की एकीने रस्ता पूर्ण केलाय, दुसरी अजून रस्त्यात आहे.

आता पुन्हा ड्रमकडे

महाडच्या वसाहतीत केमिकल आणि औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपन्या आहेत. आग लागली, स्फोट झाला तर सगळ्यांना दिसतं. पेशीच्या आत होणारा बदल दिसत नाही, म्हणून कागद वाचता यायला हवा.

एमएसडीएसचे एकूण १६ भाग असतात. त्यातला ११वा भाग विषारीपणाचा. तिथे ‘एम्स टेस्ट’ किंवा ‘ओईसीडी ४७१’ असं दिसलं तर ती चाचणी माणसाच्या पेशींवर नाही, जिवाणूंवर झालेली आहे. केमिकल डीएनए बदलतं का, हे त्यात बघतात. ‘४७३’ किंवा ‘४८७’ असेल तर सस्तन प्राण्यांच्या किंवा माणसाच्या पेशींवर, गुणसूत्रं तुटतात का हे पाहिलेलं असतं.

इथला ‘निगेटिव्ह’ हा शब्द फसवा आहे. बेन्झिन बघा. पेट्रोलमध्येही ते थोडं असतं. बेन्झिनमुळे माणसाला रक्ताचा कॅन्सर होतो, यात आता शंका उरलेली नाही. तरीही जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत ते सहसा निगेटिव्हच येतं. कारण बेन्झिन स्वतः फार काही करत नाही. यकृतात आणि अस्थिमज्जेत त्याचं रूप बदलतं आणि ती नवी रूपं घात करतात. डिशमध्ये ना यकृत असतं, ना अस्थिमज्जा. बेन्झिनचा धोका पक्का ठरला तो वर्षानुवर्षं त्यात काम केलेल्या कामगारांच्या नोंदींवरून.

म्हणजे डिशमध्ये पेशी मेली म्हणून औषध सापडलं असं होत नाही, आणि डिशमध्ये पेशी जगली म्हणून केमिकल निर्धोक ठरत नाही. डिश फक्त पुढे काय तपासायचं ते सांगते.

मग करायचं काय?

मोबाईलवर बातमी आली तर तीन गोष्टी शोधा. प्रयोग कशावर झाला : पेशी, उंदीर की माणूस? माणसं असतील तर किती? आणि मोजलं काय : गाठ लहान झाली, की माणूस जास्त जगला? यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर फॉरवर्ड करू नका, आणि चालू उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका.

कंपनीत असाल तर ११वा भाग वाचा आणि त्याच्यासोबत ८वाही. कुठला मास्क, कुठले ग्लोव्हज, हवेत किती प्रमाण चालतं, ते तिथे असतं. कागद इंग्रजीत असेल तर सेफ्टी ऑफिसरला मराठीत समजावून सांगायला सांगा. ही मेहरबानी नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला ही माहिती मागण्याचा हक्क मिळाला आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. कंपनीत रक्ततपासणी होत असेल तर रिपोर्टची प्रत स्वतःकडे, वर्षावार लावून ठेवा. एका रिपोर्टवरून फारसं कळत नाही. दहा वर्षांचे एकत्र असले तर डॉक्टरांना बरंच काही दिसतं, जे कुठल्याच डिशमध्ये दिसणार नाही.