ओस्मानी साम्राज्यातील ज्यू आणि नागरिकत्व

ओस्मानी साम्राज्यातील ज्यू हा त्या साम्राज्यातील एक मान्यताप्राप्त गैरमुस्लिम समाज होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे कायदेशीर स्थान संरक्षित प्रजेपासून समान हक्कांच्या नागरिकांपर्यंत बदलत गेले. धार्मिक स्वायत्तता आणि साम्राज्याचे नागरिकत्व यांचा मेळ घालण्याचा प्रश्न या समाजापुढे साम्राज्याच्या अखेरपर्यंत कायम होता.

पार्श्वभूमी

१४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंना सुलतान दुसरा बायेझिद याने आश्रय दिला. ते इस्तंबूल, एदिर्ने आणि विशेषतः सालोनिका (आजचे थेसालोनिकी) येथे स्थायिक झाले. स्पॅनिशपासून विकसित झालेली लादिनो ही त्यांची भाषा होती. त्यांना जिझिया कर भरावा लागे. विवाह, शिक्षण इत्यादी बाबी मात्र समाजाच्या स्वतःच्या संस्थांकडे असत.

तंझिमात सुधारणा

१८३९ च्या गुल्हाने फर्मानाने सर्व प्रजाजनांच्या जीविताची व मालमत्तेची हमी दिली, तर १८५६ च्या फर्मानाने धर्मनिरपेक्ष समानता जाहीर केली. जिझियाची जागा लष्करी सेवेतून सूट देणाऱ्या कराने घेतली. १८६५ च्या नियमावलीने मुख्य रब्बी (हाहाम बाशी) व समाजाच्या मंडळांचे अधिकार निश्चित केले. १८६९ च्या कायद्याने सर्वधर्मीय प्रजेला एकच ओस्मानी राष्ट्रीयत्व मिळाले. अशा प्रकारे समुदायाची चौकट आणि समान नागरिकत्व ही दोन्ही एकाच दशकात कायद्याने दृढ झाली.

भाषा आणि निष्ठा

१८६० मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या 'आलियान्स इस्रायेलित युनिव्हर्सेल' या संस्थेच्या शाळांतून फ्रेंच शिक्षणाचा प्रसार झाला. परिणामी अनेक सुशिक्षित ज्यूंना राज्यभाषा तुर्कीपेक्षा फ्रेंच अधिक अवगत होती. 'एल तिएम्पो'सारख्या लादिनो वृत्तपत्रांनी ओस्मानी देशभक्तीचा पुरस्कार केला. १८९२ मध्ये समाजाच्या नेत्यांनी स्पेनमधून आलेल्या पूर्वजांच्या आगमनाची चारशे वर्षे कृतज्ञतेने साजरी केली.

१९०८ नंतर

तरुण तुर्क क्रांतीनंतरच्या संसदेत चार ज्यू प्रतिनिधी निवडून आले. त्यांपैकी सालोनिकाचे इमॅन्युएल कारासो हे १९०९ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याला पदच्युतीची वार्ता देणाऱ्या शिष्टमंडळात होते. त्याच वर्षी गैरमुस्लिमांनाही लष्करी सेवा सक्तीची झाली. समान हक्कांसोबत आलेले हे कर्तव्य टाळण्यासाठी काही तरुणांनी देशांतर केले.

१९१२ मध्ये सालोनिका ग्रीसच्या ताब्यात गेले. साम्राज्याच्या विघटनानंतर हा समाज अनेक राष्ट्रराज्यांत विभागला गेला आणि तेथे अल्पसंख्याक ठरला. सालोनिकातील बहुसंख्य ज्यूंना १९४३ मध्ये नाझींनी आउश्वित्झ येथे नेऊन ठार केले.